उत्तरवयातील ध्वनिमुद्रिका आणि बंगळूरचे श्रोते

२००५ सालच्या मार्च महिन्यातील एका सायंकाळी बंगळूरच्या राजवाड्याच्या मैदानावर मी इतर हजारो श्रोत्यांसमवेत उभा होतो. वय चोविशीच्या आतबाहेर. इतिहास हा विषय घेऊन एम. ए. झालो होतो, स्पर्धापरीक्षांचा अभ्यास चालू होता आणि त्यासाठी जयनगरात मामांच्या घरी राहत होतो. समोर व्यासपीठावर मार्क नॉफ्लर हा इंग्लंडातील गिटारवादक आपल्या साथीदारांसह आला होता. पंचावन्न वर्षांचा, केस विरळ झालेला, विशेष हालचाल न करणारा हा गृहस्थ विजेच्या गिटारीवर नखी न वापरता नुसत्या बोटांनी वाजवतो, ही त्याची जगभर ओळख. आम्ही सारे त्याच्या जुन्या गीतांसाठी आलो होतो. ती गीते सुरू झाली की मैदान एका आवाजात गाऊ लागे. मधूनच तो आपल्या नव्या ध्वनिमुद्रिकेतील गीते गाई, आणि तेवढ्यात लोक पाणी पिऊन येत, मित्रांना शोधत, एकमेकांशी बोलत. मीही त्यांतलाच. एकदा तर नवे गीत चालू असतानाच मी जुन्या गीताचे नाव घेऊन ओरडलो, हे आज कबूल करायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी मामांनी विचारले, "काय रे, काल काय वाजवले त्याने?"

मी मोठ्या उत्साहाने चार-पाच गीतांची नावे सांगितली.

"ती तर तुझ्याकडे कॅसेटवर आहेतच. रोज ऐकतोस आणि आम्हालाही ऐकवतोस. नवे काय म्हणाला तो?"

मला सांगता येईना. मामांनी वर्तमानपत्र उघडले आणि तो विषय तिथेच संपला. म्हणजे त्यांच्यापुरता संपला. माझ्या मनात तो पुढे बरीच वर्षे राहिला, आणि आजचे हे भाषण म्हणजे त्या न दिलेल्या उत्तराचाच शोध आहे असे म्हटले तरी चालेल.

ज्या जागेवर हे घडले ती जागा साधी नाही. बंगळूरचा राजवाडा मुळात राजवाडा नव्हता. तिथल्या सेंट्रल हायस्कूलचे पहिले मुख्याध्यापक रेव्हरंड गॅरेट यांनी १८६२ साली तिथे घर बांधायला घेतले. म्हैसूरचे चामराजेंद्र वडियार वयाने लहान असताना, त्यांच्या शिक्षणाच्या काळात राहण्यास जागा असावी म्हणून, १८७३ साली ही मिळकत त्यांच्यासाठी खरेदी करण्यात आली. इंग्लंडातील एखाद्या उमरावाच्या गढीसारखे मनोरे असलेली ही वास्तू आणि तिच्याभोवतीचे चारशे एकरांहून मोठे आवार. याच आवारात २००२ साली रॉजर वॉटर्स येऊन गेला, आणि ४ एप्रिल २००३ रोजी रोलिंग स्टोन्स या वाद्यवृंदाने भारतातील आपला पहिला कार्यक्रम भर पावसात केला. हे सारे साठीकडे झुकलेले किंवा साठी गाठत असलेले कलावंत. बंगळूरला पाश्चात्त्य रॉक संगीत प्रत्यक्ष ऐकायला मिळू लागले ते अशा रीतीने, वार्धक्याच्या उंबरठ्यावर. तारुण्य आधीच येऊन गेले होते, पण ते तबकड्यांतून आणि कॅसेटांतून.

परक्या सुरांना कान देण्याची या शहराची सवय मात्र जुनी आहे. मराठी माणसाला इथे शहाजीराजांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या दरबाराचे वर्णन करणारे जयराम पिंड्ये याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य वि. का. राजवाडे यांनी १९२२ साली प्रसिद्ध केले. त्यात नाना भाषांतील कवी राजांपुढे येऊन आपली रचना ऐकवतात. स्वतः जयराम बारा भाषांत रचना करी. राजवाड्यांच्या सगळ्या अनुमानांशी आपण सहमत असलोच पाहिजे असे नाही. परंतु कन्नड मुलखात, मराठी जहागीरदारापुढे, बहुभाषी कवींची अशी बैठक भरत होती ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. पुढे १८०९ साली इंग्रजांनी इथे छावणी वसवली. छावणीबरोबर लष्करी बँड आला, नाचाची दालने आली, अँग्लो-इंडियन वादक आले. स्वातंत्र्यानंतर गोरी पलटण गेली, पण तिच्या करमणुकीची वाद्ये इथेच राहिली. ती आमच्या पिढीपर्यंत कशी पोहोचली याची हकीकत लांबेल. ब्रिगेड रोडवरील दुकाने, रेस्ट हाउस रोडवरचे 'पेकोस' नावाचे पेयगृह, अभियांत्रिकी महाविद्यालयांची वसतिगृहे, इतके म्हटले की बंगळूरकर श्रोत्यांना पुरे होईल. नॉफ्लरचे गीत गिटारीवर बिनचूक वाजवता येणे म्हणजे त्या काळी वादक मुलाची मुंजच झाली असे समजत.

आता या वादकाविषयी थोडे. नॉफ्लरचा जन्म १९४९ सालचा, ग्लासगोचा. वडील हंगेरीतून आश्रयार्थ आलेले वास्तुविशारद, आई शिक्षिका. बालपण इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसलच्या परिसरात गेले. कोळशाच्या खाणींचा आणि जहाजबांधणीचा हा मुलूख. तरुणपणी तो लीड्समध्ये एका वृत्तपत्रात बातमीदार होता. १९७० साली जिमी हेंड्रिक्स हा अद्वितीय गिटारवादक वारला, तेव्हा त्याच्या मृत्यूची बातमी लिहिण्याचे काम या पोराकडे आले. पुढे त्याने इंग्रजी वाङ्मयाची पदवी घेतली, काही काळ अध्यापन केले, आणि १९७७ साली 'डायर स्ट्रेट्स' हा वाद्यवृंद काढला. १९७८ सालच्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेतील 'सुल्तान्स ऑफ स्विंग' या गीताने तो प्रसिद्धीस आला, आणि १९८५ सालच्या 'ब्रदर्स इन आर्म्स'ने त्याला अशा शिखरावर नेऊन बसवले की तिथून खाली उतरण्यावाचून दुसरी वाटच राहिली नाही. कॉम्पॅक्ट डिस्कवर दहा लाखांहून अधिक खपलेली ही पहिली मुद्रिका होय. १९९५ साली त्याने तो वाद्यवृंद मोडला. इतक्या मोठ्या गर्दीपुढे वाजवण्याचा त्याला कंटाळा आला होता.

२००३ सालच्या मार्चमध्ये लंडनमध्ये मोटारसायकलवरून जात असताना त्याला अपघात झाला. गळ्याजवळचे हाड, खांदा आणि सात बरगड्या मोडल्या. ठरलेला दौरा रद्द करावा लागला, आणि कित्येक महिने गिटार हाती धरता येईल की नाही याचीच चिंता होती. त्यातून उठल्यावर त्याने कॅलिफोर्नियात, समुद्राकाठच्या मालिबू गावी, 'शांग्री-ला' नावाच्या ध्वनिमुद्रणगृहात नवी गीते मुद्रित केली, आणि २००४ सालच्या सप्टेंबरमध्ये त्याच नावाची मुद्रिका प्रसिद्ध झाली. 'शांग्री-ला' हा शब्द जेम्स हिल्टनच्या १९३३ सालच्या कादंबरीतला. हिमालयापलीकडच्या एका दरीत माणसे जवळजवळ म्हातारीच होत नाहीत, अशी ती कल्पना. बरगड्या मोडून उठलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाने आपल्या मुद्रिकेला हे नाव द्यावे, यात थोडा विनोद आहे, आणि तो बहुधा त्याला कळलेला असावा.

या मुद्रिकेत चौदा गीते आहेत. चार कमी असती तर बरे झाले असते, असे माझे मत आहे. चाली एकमेकींजवळ जातात, आवाजाचा पल्ला आखूड आहे, लय बहुतेक ठिकाणी संथ आहे. पण शब्दांकडे लक्ष दिले की इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक गोष्ट खटकन जाणवते. या माणसाने स्वतःविषयी बोलणे जवळजवळ सोडून दिले आहे, आणि तो पुन्हा बातमीदार झाला आहे. एक गीत सनी लिस्टन या मुष्टियोद्ध्यावर आहे. नक्की जन्मतारीखही ठाऊक नसलेला हा मनुष्य तुरुंगात मुष्टियुद्ध शिकला, १९६२ साली जगज्जेता झाला, १९६४ साली पुढे महंमद अली म्हणून ओळखल्या गेलेल्या तरुणाकडून हरला, आणि १९७१ सालच्या जानेवारीत लास व्हेगासला आपल्या घरी मृतावस्थेत सापडला. दुसरे गीत दूध घुसळण्याची यंत्रे विकणाऱ्या रे क्रॉक नावाच्या फिरत्या विक्रेत्यावर आहे. या गृहस्थाने १९५४ साली मॅकडॉनल्ड बंधूंचे खाद्यगृह पाहिले, आणि १९६१ साली त्यांच्याकडून तो सारा व्यवसाय, त्यांच्या नावासकट, विकत घेतला. तिसरे लॉनी डोनेगन या गायकावर, जो २००२ साली वारला. त्याचे ऐकून इंग्लंडातील हजारो गरीब मुलांनी धुणे घासण्याच्या पत्र्यावर आणि चहाच्या खोक्यावर ताल धरायला सुरुवात केली होती. आणि पहिलेच गीत आहे पहाटे सव्वापाच वाजताचे. १९६७ सालच्या जानेवारीत डरहम परगण्यात एक खाणकामगार रात्रपाळी संपवून घरी निघाला असता त्याला पुलाखाली एक मोटार उभी दिसली. आत जुगाराच्या यंत्रांच्या धंद्यातील एका माणसाचे प्रेत होते. नॉफ्लर तेव्हा सतरा वर्षांचा, जवळच राहणारा. गीत मात्र त्या मेलेल्या माणसापाशी थांबत नाही. ते खाणकामगाराच्या जगात शिरते.

आपल्या कानांना ही रीत अनोळखी नाही. अज्ञानदासाने अफझलखानाच्या वधाचा पोवाडा रचला, तुळशीदासाने सिंहगडाचा. घडलेली घटना, माणसांची नावे, स्थळ, वेळ, आणि मग गाणे. फरक एवढाच की आपला शाहीर बहुधा विजयाच्या बाजूने उभा राहून गातो, तर हा गायक हरलेल्यांच्या, आणि जिंकून बिघडलेल्यांच्या, शेजारी जाऊन बसतो. मी वीस-बावीस वर्षांचा असताना असे शेजारी बसणे मला शक्य नव्हते. मला गिटारीचा वेग हवा होता.

इंग्लंडात आणि युरोपात ही मुद्रिका आदराने स्वीकारली गेली, पण १९८५ सालच्या लोकप्रियतेच्या आसपासही ती फिरकली नाही. बंगळूरच्या मैदानावर काय झाले ते मी सांगितलेच. याला श्रोत्यांची कृतघ्नता म्हणणे सोपे आहे. परंतु मला वाटते, त्याचे कारण श्रोत्यांच्या स्वभावात जितके आहे तितकेच तबकडी या वस्तूत आहे.

ध्वनिमुद्रण येण्यापूर्वी गवई आणि त्याचा श्रोता बरोबरच म्हातारे होत असत. आवाज थकला तर श्रोत्याच्या आठवणीतला आवाजही पुसट होत जाई, आणि दोहोंचा मेळ कसाबसा बसे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले आणि भारतात हा मेळ प्रथमच बिघडला. आता गायिका वयाने पुढे चालली, पण तिचे तारुण्य तबकडीवर जिथल्या तिथे राहिले. गौहरजान १९२८ साली म्हैसूरच्या वडियार दरबारी आश्रयास आल्या आणि १९३० सालच्या जानेवारीत तिथेच वारल्या. ज्या राजघराण्याच्या बंगळूरच्या वाड्यापुढे मी २००५ साली ओरडत होतो, त्याच घराण्याच्या पदरी त्यांची अखेरची वर्षे गेली. त्यांच्या तरुण गळ्याच्या तबकड्या तेव्हाही घराघरांत फिरत असतील. स्वतःच्याच तारुण्याशी स्पर्धा करण्याचा प्रसंग आपल्या देशात ज्यांच्यावर सर्वांत आधी आला, त्यांत ही बाई होती.

याच्या उलटही घडते. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ सालचा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या काही मुद्रिका निघाल्या होत्या. पण ज्या मुद्रिकांनी ते घराघरांत पोहोचले त्या त्यांच्या साठीनंतरच्या, १९३७ साली पाँडिचेरीच्या वाटेवर त्यांना मृत्यू आला त्याच्या आधीच्या काही वर्षांतल्या. तीन-साडेतीन मिनिटांची एक बाजू, आणि तेवढ्यात सगळे सांगायचे. आपल्यापैकी बहुतेकांना करीम खाँ माहीत आहेत ते या वृद्ध करीम खाँच्या रूपाने. त्यांचा तिशीतला आवाज कसा होता याची हळहळ कोणी करीत नाही, कारण तो मनाशी बाळगलेला नाही. तेव्हा उत्तरवयातील गाणे आपल्याला उतरते वाटते की पिकलेले, हे पुष्कळदा आपण कोणती तबकडी आधी ऐकली यावरच ठरते.

मामांनी हे मला फार पूर्वी सांगितले होते. निराळ्या शब्दांत सांगितले होते, म्हणून तेव्हा कळले नाही. मामा बेळगावचे. एका केंद्रीय कचेरीत नोकरी करून बंगळूरला स्थायिक झालेले. विसाव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी आपल्या वडिलांबरोबर बालगंधर्वांचे भजन ऐकले. १८८८ साली जन्मलेले नारायणराव तेव्हा पासष्टीच्या पुढे होते. रंगभूमीवरील तो काळ, ते शालू, ती गर्दी सगळे मागे पडले होते. घरी परतताना वाटेत आजोबांच्या डोळ्यांत पाणी होते आणि ते पुनःपुन्हा म्हणत होते, "हे नव्हे रे. तू नारायणराव ऐकलाच नाहीस." मामा गप्प राहिले. पन्नास वर्षांनी मला हे सांगताना ते म्हणाले, "वडिलांना कसे सांगणार? मला तर ते भजन फार आवडले होते. अजून कानात आहे. पण त्यांचा नारायणराव निराळा होता, तो मी पाहिला नव्हता. आणि माझा त्यांना दिसत नव्हता."

बालगंधर्वांना १९६४ साली पद्मभूषण मिळाले, १९६७ साली ते गेले. त्या शेवटच्या वर्षांतील त्यांच्या गाण्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले त्यात करुणा फार आणि ऐकणे थोडे, असे मला वाटते. 'काय होते आणि काय झाले' या सुरात एकदा लिहायला घेतले की पुढचे गाणे ऐकण्याची गरजच उरत नाही. माझ्या आजोबांना मी पाहिलेले नाही. परंतु मैदानावर जुन्या गीतासाठी ओरडणारा मी त्यांचाच नातू होतो.

'शांग्री-ला' मी नीट ऐकली ती फार उशिरा. २००५ सालच्या त्या कार्यक्रमानंतर काही महिन्यांनी ती विकत घेतली होती खरी, पण दोन-चार गीते ऐकून बाजूला ठेवली होती. पुढे परीक्षा झाली, नोकरी लागली, बदल्या सुरू झाल्या. २०१४ सालच्या लोकसभा निवडणुकीत मतदानाच्या रात्री यंत्रे जमा करून घेण्याचे काम माझ्याकडे होते. हे काम ज्यांनी केले आहे त्यांना ठाऊक आहे, की शेवटच्या केंद्राचे पथक आल्याशिवाय, कागद जुळल्याशिवाय आणि खोलीला मोहोर लागल्याशिवाय कोणालाही हलता येत नाही. सगळे आटोपून गाडीत बसलो तेव्हा पहाट होत आली होती. ड्रायव्हरला झोप लागू नये म्हणून मी गाडीतल्या यंत्रावर हाताला येईल ती मुद्रिका लावली, आणि ती ही निघाली. पहिलेच गीत रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या माणसाचे. मी घड्याळ पाहिले. सव्वापाच वाजले नव्हते, पण फार उशीरही नव्हता. रस्त्याच्या कडेने कसलीशी पाळी संपवून सायकलींवर माणसे परतत होती. मुद्रिका संपेपर्यंत मी काही बोललो नाही. ड्रायव्हरला वाटले साहेब झोपले.

सात वाजता मामांना दूरध्वनी केला. त्यांचे वय तेव्हा ऐंशी. ते पहाटेच उठून बसलेले असत.

"मामा, तुम्ही विचारले होते ना, तो नवे काय म्हणाला?"

"कोण?"

मी आठवण करून दिली. राजवाड्याचे मैदान, नऊ वर्षांपूर्वीचा मार्च, सकाळचा चहा. मग तो मुष्टियोद्धा, तो विक्रेता, तो पत्रा वाजवणारा गायक, आणि पुलाखाली मोटार पाहणारा खाणकामगार, असे सगळे सांगितले. बराच वेळ सांगत होतो. ते मधे हुंकारही देत नव्हते, तेव्हा मला शंका आली की संपर्क तुटला.

"हे त्याने त्या दिवशी सांगितले होते?" शेवटी त्यांनी विचारले.

"यातले काही तरी सांगितले असणार. मी ऐकत नव्हतो."

"बरे," मामा म्हणाले, "आणि त्या मोटारीतल्या माणसाचे पुढे काय झाले? मारणारे सापडले का?"

दोघांना शिक्षा झाली, पण त्या शिक्षेबद्दल तिकडे पुढे अनेक वर्षे वाद चालू राहिला, असे मी सांगितले. "मग पुन्हा सांग," ते म्हणाले, "अगदी पहिल्यापासून सांग. तो खाणकामगार किती वाजता निघाला होता?"